कॉपियर विकणं सोडून दुसरीकडे जावं का? आधी मीटर रीडिंग काढा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: १२ वर्षं ऑफिसात लागणारे कॉपियर आणि प्रिंटर विकतोय, जुने क्लायंट नावाने ओळखतात, पण गेली ३ वर्षं इन्सेन्टिव्ह कमी कमी होत चाललाय, टेरिटरी (विक्रीसाठी नेमून दिलेला भाग) दोनदा बदलली, आता एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आहे ज्यात फिक्स पगार कमी आणि व्हेरिएबल, म्हणजे विक्रीवर मिळणारा भाग, जास्त, मॅनेजर म्हणतो मार्केट परत येईल थांब, डोक्यावर कर्ज आहे, काय करू?

मी स्वतः ११ वर्षं हीच मशीनं विकली, मग बाहेर पडलो, आणि आता ९ वर्षं पॅथॉलॉजी लॅबना ॲनालायझर म्हणजे रक्ततपासणीची मशीनं विकणाऱ्या टीमचं काम बघतो, माणसं मीच घेतो, त्यामुळे सोडणाऱ्याची बाजू पण माहिती आहे आणि टेबलाच्या पलीकडची पण. उत्तर मोठं होईल, वेळ काढून वाचा, कारण तुमची चिंता खरी आहे आणि दोन ओळीत हो किंवा नाही सांगणं तुमच्यावर अन्याय होईल.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही चुकीचा आकडा बघताय. इन्सेन्टिव्ह उतरला म्हणून तुम्हाला आत्ता जाग आली, पण आपल्या धंद्यात पगार हा सगळ्यात शेवटी पडणारा आकडा असतो. का ते बघा. १९५९ ला झेरॉक्सने ९१४ नावाचं मशीन आणलं तेव्हापासून हा धंदा मशीन विकण्यापेक्षा कॉपी मोजण्यावर उभा आहे, मशीन भाड्याने ठेवायचं आणि पैसे कॉपीमागे घ्यायचे. आजही ३६, ४८, ६० महिन्यांची काँट्रॅक्ट असतात. म्हणजे ४ वर्षांपूर्वी क्लायंटने जो विचार करून सही केली त्याचे पैसे तुम्हाला आज मिळतायत, आणि आज तो क्लायंट जो विचार करतोय तो तुमच्या पगाराच्या स्लिपवर यायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. तो विचार आजच बघायचा असेल तर मीटर रीडिंग, म्हणजे मशीनवर किती कॉपी निघाल्या तो आकडा, बघायचं, ते खोटं बोलत नाही.

हे काम या आठवड्यात करा. ३ वर्षांहून जुनी अशी तुमची २० अकाउंट काढा, मोठी छोटी मिसळून, आवडती तेवढीच नको. प्रत्येकाचं महिन्याचं रीडिंग ३ वर्षांपूर्वी किती होतं आणि आत्ता किती आहे ते शेजारी शेजारी लिहा, तोच महिना तोच महिना धरून, कारण वर्षअखेरीला सगळीकडेच छपाई वाढते आणि मग आपण उगाच खूश होतो. मग बघा रिन्यूअलला मशीनं किती राहिली, चारची दोन झाली का, मोठ्या कागदाचं ए३ मशीन काढून छोट्या ए४ वर गेले का, कलर बंद केला का, काँट्रॅक्ट ६० महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणलं का. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जो क्लायंट पाच वर्षांची सही करायचा तो आता एक वर्षाची करतो म्हणजे पुढे आपल्याला हे लागेल का याची त्यालाच खात्री नाहीये, फक्त तो तुम्हाला तोंडावर सांगत नाही कारण तुमचे संबंध चांगले आहेत.

आणि दुसरा आकडा, गेल्या १२ महिन्यांत तुम्ही जे विकलं त्यात अगदी नवा क्लायंट किती आणि जुन्याचंच रिन्यूअल किती. मी जेव्हा हे केलं तेव्हा मला वाईट धक्का बसला होता. माझं टार्गेट पूर्ण होत होतं, स्टेजवर बोलवून कौतुक व्हायचं, आणि कागदावर मांडल्यावर दिसलं की जवळपास सगळं रिन्यूअल होतं, नवा म्हणावा असा क्लायंट वर्षभरात दोनच, आणि त्यातला एक म्हणजे जुन्याच क्लायंटची नवी शाखा. मी विकत नव्हतो, मी राखण करत होतो. राखण वाईट नाही, पण तुमची विकायची सवय त्यात मोडत जाते आणि ते कळत पण नाही.

आता मॅनेजर म्हणतो मार्केट परत येईल. तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, बहुतेक त्यालाही तसंच वाटायला हवंय. पण अडचण इंडस्ट्रीची आहे, कंपनीची आहे की तुमची आहे हे वेगळं करायला एक सोपी पद्धत आहे. गेल्या दीड-दोन वर्षांत हातातून गेलेल्या ऑर्डर काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा की ती कोणाला गेली. समोरच्या ब्रँडला गेली असेल तर प्रश्न तुमच्या कंपनीचा आहे, सर्व्हिसचा, किमतीचा, किंवा तुमच्या फॉलोअपचा, आणि तसं असेल तर इंडस्ट्री सोडायची गरजच नाही, समोरच्या कंपनीत जा. पण 'कोणालाच गेली नाही' असं जास्त वेळा लिहावं लागलं, म्हणजे क्लायंटने जुनंच मशीन चालू ठेवलं, किंवा कागदच बंद करून सगळं स्क्रीनवर आणलं, तर मग तुम्ही कितीही चांगले असा, तिथे जिंकायला ऑर्डरच नाहीये.

ब्रिटानिका ज्ञानकोशाचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. अमेरिकेत १९९० ला त्यांचे सुमारे १,२०,००० संच विकले गेले, ते त्यांचं सगळ्यात चांगलं वर्ष, आणि १९९६ पर्यंत ते ४०,००० वर आलं, त्याच वर्षी घरोघरी जाऊन विकणारी टीम बंद केली, २०१२ ला छापणंच थांबवलं. त्या ६ वर्षांत ती विकणारी माणसं अचानक बावळट झाली नव्हती हो. त्यांची ऑर्डर दुसऱ्या ज्ञानकोशवाल्याने पळवली असंही नव्हतं, आईवडील मुलांसाठी त्याच पैशात कॉम्प्युटर घेत होते. रोज संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येणाऱ्या त्या सेल्समनला काय वाटत असेल, की माझंच काहीतरी चुकतंय. तुम्हालाही तसंच वाटत असणार, प्रश्नाच्या सुरातून जाणवलं मला. ते ओझं आधी उतरवा, मग निर्णय घ्या.

आपल्या इंडस्ट्रीचं म्हणाल तर वरून दिसणाऱ्या खुणा पुरेशा आहेत. एचपीने २०१७ मधे सॅमसंगचा प्रिंटरचा धंदा घेतला. रिको आणि तोशिबा टेक यांनी २०२४ मधे मशीन बनवायचं आणि डेव्हलप करायचं काम एकत्र करायला एट्रिया नावाची कंपनी काढली. झेरॉक्सने २०२४ च्या सुरुवातीला १५ टक्के माणसं कमी करायचं जाहीर केलं आणि २०२५ मधे लेक्समार्क विकत घेतली. वाढणाऱ्या इंडस्ट्रीतही कंपन्या एकमेकींना घेतात, पण इतके मोठे ब्रँड आपला कारखाना दुसऱ्याशी वाटून घ्यायला लागतात तेव्हा त्यांनी स्वतः मान्य केलेलं असतं की आता एवढ्या सगळ्यांना पुरेल इतकी छपाई नाही. आणि ज्या दोन कंपन्या एक होतात त्यांच्या टेरिटरीही एक होतात, दोघांच्या जागी एक माणूस लागतो. तुमची टेरिटरी दोनदा बदलली त्याचा अर्थ इथे आहे.

पण म्हणून प्रत्येकाने उठून निघावं असं माझं अजिबात मत नाही. आक्रसणं म्हणजे शून्य होणं नव्हे, आणि आक्रसणाऱ्या धंद्यात शेवटपर्यंत टिकणाऱ्याला पैसा मिळतो हे मी पाहिलंय. बाकीचे डीलर बंद होतात, त्यांची अकाउंट वाऱ्यावर पडतात, त्या क्लायंटना सर्व्हिस देणारं कोणीतरी हवंच असतं आणि त्या वेळी ते भावावरून घासाघीस करत नाहीत. पॅकेजिंग, लेबल, हॉस्पिटल, कायदेशीर कागदपत्रं, अशा ठिकाणी कागद इतक्यात जात नाहीये. तुमचा ओढा तिकडे असेल, किंवा रिटायरमेंटला सहा-सात वर्षंच राहिली असतील, किंवा कंपनी माणसं कमी करताना चांगले पैसे देते असा तिचा इतिहास असेल, तर थांबणं हा पण विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो. फरक एवढाच की थांबायचं तर कशासाठी आणि कुठपर्यंत ते ठरवून थांबा. 'बघू' म्हणून थांबलेली माणसं मी जास्त पाहिलीत आणि त्यांचं नुकसान जास्त झालं.

थांबताना अजून एक तपासा, तुमच्या कमाईचा नळ कोणाच्या हातात आहे. विमानाची तिकिटं विकणाऱ्या एजंटांचं काय झालं बघा. अमेरिकेत त्यांना विमान कंपन्या तिकिटाच्या सुमारे १० टक्के कमिशन द्यायच्या, १९९५ ला डेल्टाने देशातल्या जाण्यायेण्याच्या तिकिटाला ५० डॉलरची मर्यादा घातली, बाकीच्या मागोमाग आल्या, आणि २००२ ला मूळ कमिशनच काढून टाकलं. ७ वर्षांत! एजंटांच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. जे टिकले त्यातल्या कित्येकांनी प्रवाशाकडून स्वतःची फी घ्यायला सुरुवात केली किंवा क्रूझ, कंपन्यांचे प्रवास अशा कामाकडे वळले. तुमचं कमिशन प्लॅन गेल्या ३ वर्षांत किती वेळा बदललं आणि प्रत्येक वेळी कोणाच्या बाजूने बदललं, ते पण त्याच कागदावर लिहा.

आता जायचं म्हटलं तर बरोबर काय नेता येतं. मशीनची माहिती इथेच राहते, कितीही वाईट वाटलं तरी. क्लायंटच्या ओळखी अर्ध्या येतात. येतो तो धंद्याचा सांगाडा, म्हणजे पैसा कुठून कसा फिरतो याची समज. मला लॅबच्या लाइनमधे कोणी घेतलं ते मला रक्ततपासणीतलं कळत होतं म्हणून नाही, काडीचं कळत नव्हतं. पण तिथे रीएजंट रेंटल नावाचा प्रकार असतो, कंपनी मोठा ॲनालायझर लॅबमधे ठेवते आणि टेस्टला लागणारं रीएजंट म्हणजे रसायन काही वर्षं आपल्याकडूनच घ्यायचं असा करार करते, लॅबचे पैसे टेस्टमागे जातात. इंटरव्ह्यूत हे ऐकल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की हे तर आपलंच आहे, कॉपीच्या जागी टेस्ट, टोनरच्या (मशीनच्या शाईच्या) जागी रीएजंट. कमीत कमी किती टेस्टची हमी घ्यायची, मशीन बंद पडलं तर किती तासात इंजिनियर, करार मधेच मोडला तर काय, हे सगळं मी ११ वर्षं केलेलं होतं. बाकीचं शिकायला दीड वर्ष गेलं, रात्री बसून अभ्यास केला, पण उभा राहायला जमीन होती. फुजीफिल्मने फोटोची फिल्म संपत आली तेव्हा त्याच केमिस्ट्रीच्या जोरावर एलसीडी स्क्रीनची फिल्म आणि नंतर स्किनकेअर काढलं, माणसाचंही तसंच होतं, ग्राहक बदलतो पण आतलं कसब तेच वापरायचं असतं.

तुमच्या ऑफरला हीच फुटपट्टी लावा. सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय? कागद स्कॅन करून साठवणं, मंजुऱ्या फिरवणं, डिजिटल सही, अशातलं असेल तर तुम्ही अर्धी लढाई जिंकलेली आहे, कारण कोणत्या ऑफिसात कोणता कागद कोणाच्या टेबलावर अडतो हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. पण एक धोका आहे, आणि तो बहुतेक कॉपियरवाल्यांना सहा महिन्यांनी कळतो. आपली ओळख असते ॲडमिन आणि पर्चेसमधे. सॉफ्टवेअर ठरवतो फायनान्स हेड, एचआर हेड किंवा आयटीवाला. तुम्ही म्हणाल माझ्याकडे ८० क्लायंट आहेत, पण त्या ८० मधे सॉफ्टवेअरला हो म्हणू शकणारा माणूस तुम्हाला किती ठिकाणी ओळखतो? हे मोजा. १० निघाले तरी चांगलं आहे, शून्य निघाले तर तुम्ही तिथे नवखे म्हणून जाताय हे धरून चाला. नवखं असणं काही गुन्हा नाही, फक्त मग पहिल्या वर्षाचा हिशोब बदलतो.

ऑफर देणाऱ्याला प्रश्न विचारायला लाजू नका, मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा जो हे विचारतो त्याच्याबद्दल माझं मत चांगलंच होतं. गेल्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं? माझ्याआधी या टेरिटरीत कोण होतं आणि ते का गेले? लीड, म्हणजे घेऊ शकणाऱ्या क्लायंटची नावं, कंपनी देणार की मीच शोधायची? पहिली ऑर्डर यायला साधारण किती महिने लागतात, आणि तेवढे महिने टार्गेट कमी आहे का? इन्सेन्टिव्ह बिल झाल्यावर मिळतो की पैसे वसूल झाल्यावर, आणि क्लायंटने वर्षाच्या आत बंद केलं तर दिलेला इन्सेन्टिव्ह परत घेतात का? टार्गेट किती जणांनी केलं याला आकड्यात उत्तर न देता 'आमचे टॉपर तर दुप्पट कमवतात' असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. एका टॉपरवरून तुमचा पगार ठरत नसतो, मधल्या माणसाला काय मिळतं ते विचारा. वाढत्या इंडस्ट्रीतली वाईट कंपनी ही आक्रसत्या इंडस्ट्रीतल्या बऱ्या कंपनीपेक्षा लवकर माणसाला संपवते.

आता पैशांचं. तुमची आजची कमाई १०० धरू, त्यात फिक्स ५५, व्हेरिएबल ४५. व्हेरिएबल दरवर्षी १५ टक्क्यांनी उतरतोय असं धरलं तर थांबल्यावर पहिल्या वर्षी ९३, दुसऱ्या वर्षी ८७-८८, तिसऱ्या वर्षी ८२-८३, चौथ्या वर्षी ७८-७९. नव्या ठिकाणी फिक्स ४५ आणि व्हेरिएबल ५५, पण पहिल्या वर्षी व्हेरिएबलचा अर्धाच मिळेल असं धरा म्हणजे ७२, दुसऱ्या वर्षी ८० टक्के मिळालं तर ८९, तिसऱ्या वर्षी १००. बेरीज करून बघा, ३ वर्षांची एकूण कमाई दोन्हीकडे जवळपास सारखीच येते, २६३ आणि २६१. म्हणजे ३ वर्षं पैशाने काही फार फरक पडत नाही, फरक पडतो तो चौथ्या वर्षापासून, आणि तेव्हा तुम्ही एकीकडे ७८ वर उतरत असाल आणि दुसरीकडे १०० वर चढत. पण पहिल्या वर्षीचा खड्डा खरा आहे, ९३ आणि ७२ मधला २१ चा, म्हणजे आजच्या हिशोबाने अडीच महिन्यांची कमाई. आणि हे सगळं नीट चाललं तर. व्हेरिएबल चौथा हिस्साच मिळाला तर वर्षभर ५९ वर घर चालवावं लागेल. तुमचे खरे आकडे यात घाला, घरच्यांना शेजारी बसवून घाला, आणि हप्त्यासकट ६ महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर आधी तो जमवा मग निघा. तेवढ्यासाठी ८-१० महिने थांबलात तर ते 'बघू'वालं थांबणं नाही, ते तयारीचं आहे.

मात्र फार लांबवू नका, याचं कारण मी टेबलाच्या पलीकडून सांगतो. मी सेल्सचा माणूस घेताना त्याची १२ वर्षं बघत नाही, शेवटचे चार ते सहा क्वार्टर (तिमाही) बघतो. १० वर्षं टार्गेट मारलेला आणि शेवटची २ वर्षं ६० टक्क्यांवर असलेला माणूस समोर आला की त्याने कितीही सांगितलं की मार्केटच पडलंय, माझ्या मनात शंका येतेच, आणि ती शंका अन्यायाची आहे हे मला माहीत असूनही येते. माझ्या बाबतीत हेच झालं. मीटर रीडिंग काढून मला सगळं कळलं होतं त्यानंतर मी अडीच वर्षं थांबलो, क्लायंट सोडवत नव्हते, मॅनेजरने बढती देईन म्हटलं होतं. बढती आली नाही, आकडे मात्र पडले, आणि जी लॅब कंपनी मला आधी स्वतःहून बोलवत होती तिच्यासारखीच दुसरी मला खालच्या पदावर घ्यायला तयार झाली. ती अडीच वर्षं आजही मनाला लागतात. तुमचे आकडे अजून सांगण्यासारखे आहेत तोवरच बाजारात उभे रहा, या ऑफरला नाही म्हणालात तरी चालेल पण अजून दोन-तीन ठिकाणी बोला, एकाच ऑफरवर तुलना होत नाही.

तुमच्या बाबतीत माझं मत विचाराल तर जे लिहिलंय त्यावरून निघायच्या बाजूने आहे. १२ वर्षं झालीत पण पुढे अजून बरीच वर्षं काम करायचंय, आणि टेरिटरी दोनदा बदलली म्हणजे तिसऱ्यांदा बदलेल. याच ऑफरवर निघावं का हे मात्र त्या हो म्हणणाऱ्या माणसांच्या मोजणीवर आणि टीममधल्या किती जणांनी टार्गेट केलं त्या उत्तरावर ठरवा.

निघालात तर तारीख नीट निवडा. हातात असलेले रिन्यूअल कधी सही होतात आणि त्यांचा इन्सेन्टिव्ह कधी जमा होतो ते बघा, बऱ्याच कंपन्यांत जमा व्हायच्या दिवशी नोकरीत नसाल तर तो बुडतो, अपॉइंटमेंट लेटरमधलं ते कलम आणि नोटीस पिरियड, शिवाय समोरच्या कंपनीत जायला किंवा क्लायंटशी बोलायला बंदी घालणारं काही आहे का ते राजीनाम्याआधी वाचा, शंका असली तर वकिलाला दाखवा. क्लायंटची यादी, काँट्रॅक्टच्या कॉपी काही घेऊन जाऊ नका, ते कंपनीचं आहे. पण निरोप घ्यायला प्रत्येक जुन्या क्लायंटकडे स्वतः जा, पुढे कोण येणार त्याची ओळख करून द्या, अडकलेली सर्व्हिसची तक्रार असेल तर जाता जाता ती मिटवून द्या. मी ४० एक ठिकाणी असा गेलो होतो. त्यातल्या एका हॉस्पिटलच्या पर्चेसवाल्या बाईंनी दोन वर्षांनी फोन करून विचारलं की तुम्ही आता लॅबची मशीनं बघता ना, आमच्या लॅबच्या डॉक्टरांना एकदा येऊन भेटाल का.